सुट्या भागांचें वाद्य

नवा संसार मांडणारें जोडपें पहिल्याच महिन्यांत सगळें घर भरून टाकीत नाहीं. आधीं शेगडी, दोन पातेलीं, पोळपाट-लाटणें. मग सवडीनें पाण्याचा हंडा. आणि कांहीं वर्षांनीं कधीं तरी कपाट. गरज आधीं पटते, वस्तु मागाहून येते. वाद्यांच्या बाबतींत मात्र ही सोय सहसा नसते. सतार घ्यावयाची तर यंदा भोपळा आणि पुढच्या वर्षीं दांडी अशी ती घेतां येत नाहीं. बाजाची पेटीहि भाता, सूर आणि पट्ट्या यांसह सगळीच घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र एक वाद्य असें निघालें कीं, जें संसारासारखें एकेक नग करून जमवितां येतें. मॉड्युलर सिंथेसायझर हें त्याचें नांव.

आज हें वाद्य खर्चिक छंद म्हणून ओळखलें जातें, आणि तसा लौकिक त्याला उगीच मिळालेला नाहीं. हौसेनें एकामागून एक नग घेत जावे, पैसे संपावे, आणि शेवटीं जवळ असलेल्या वस्तूंतून धड एक सूरहि निघूं नये, अशी फसगत पुष्कळ नवशिक्यांची होते. वास्तविक या वाद्याचा जन्म श्रीमंतींत झालेला नाहीं. पैसा थोडा आणि मागणी मोठी, अशा अडचणींतूनच तें आकाराला आलें. पहिला संच जमविणाऱ्या माणसाला आज जे प्रश्न पडतात, ते त्याच्या कर्त्यांनाहि पडले होते. त्यांनीं ते कसे सोडविले, हें पाहिल्यावर खरेदीची यादी बरीच आंखूड होते.

या वाद्याची रचना समजण्यास पेटीचेंच उदाहरण घेतां येईल. पेटींत सूर नाद उत्पन्न करतो, भाता त्याला बळ देतो, आणि नाद केव्हां सुरू व्हावा व केव्हां थांबावा हें बोट ठरवितें. हीं सगळीं कामें एकाच खोक्यांत कायमचीं बांधलेलीं असतात. मॉड्युलर सिंथेसायझरमध्यें तीं सुटीं केलेलीं आहेत. ऑसिलेटर नाद उत्पन्न करतो. फिल्टर त्या नादांतील कांहीं अंश गाळून टाकतो. शेजारच्या खोलींतील गाणें दार लोटल्यावर जसें मऊ ऐकूं येतें, तसा परिणाम त्यानें होतो. अँप्लिफायर नाद किती मोठा ऐकूं यावा हें पाहतो, आणि एन्व्हलप जनरेटर तो कसा चढावा व कसा विरावा हें ठरवितो. यांतील प्रत्येक नगाला मॉड्यूल म्हणतात. त्याच्या तोंडावर फिरवावयाच्या खुंट्या आणि तारा जोडावयाचीं छिद्रें असतात.

परंतु केवळ कामें सुटीं केल्यानें हें वाद्य घडलें नसतें. त्याचें मर्म असें कीं, खुंटी हातानें फिरवावयाच्या ऐवजीं ती विजेच्या दाबानें फिरल्यासारखी करतां येते. एका मॉड्यूलमधून निघालेला दाब दुसऱ्या मॉड्यूलवर हाताचें काम करतो. सावकाश डोलणारा ऑसिलेटर दुसऱ्या ऑसिलेटरला जोडला कीं सुराला आंदोलन मिळतें. तोच फिल्टरला जोडला कीं सुराचा रंग पालटतो. नग तेच, तार तीच, जागा तेवढी बदलली, आणि वाद्य निराळें झालें. म्हणून या वाद्याचें मोल नगांच्या संख्येइतकेंच त्यांच्या जोडणीवर अवलंबून असतें. कमी पैशांत संच मांडूं पाहणाऱ्याला या एका गोष्टीचा मोठा आधार आहे.

विजेवर नाद घडविण्याचे प्रयोग याच्या पूर्वींहि चालू होते. पण ते चालत ते मोठ्या संस्थांच्या खोल्यांत. १९५७ सालीं न्यूयॉर्कमध्यें कोलंबिया व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या संगीतकारांसाठीं आर. सी. ए. कंपनीचा ‘मार्क टू’ सिंथेसायझर बसविण्यांत आला. हॅरी ओल्सन व हर्बर्ट बेलर या अभियंत्यांनीं तो रचला होता. निर्वात नळ्यांनीं भरलेलें तें यंत्र खोलीची भिंतच्या भिंत व्यापीत असे, आणि कागदाच्या पट्टीवर छिद्रें पाडून त्याला सूर सांगावे लागत. १९५९ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानानें या दोन विद्यापीठांच्या संयुक्त केंद्राला १,७५,००० डॉलरांची देणगी दिली. एखाद्या होतकरू संगीतकारानें असें कांहीं घरीं आणण्याचा विचारहि करावा, अशी ती वस्तु नव्हती.

त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्को शहरांत, १९६२ सालीं रॅमन सेंडर व मॉर्टन सबॉटनिक या संगीतकारांनीं टेप म्यूझिक सेंटर स्थापन केलें. तेथें नादाच्या फिती कापून व चिकटवून रचना करीत. हें काम फार कष्टाचें. दोन क्षणांच्या सुरावटीसाठीं इंचाइंचाचे तुकडे मोजावे लागत. या कष्टांतून सुटका करील असें वाद्य त्यांना हवें होतें. डॉन बुक्ला हा तरुण अभियंता त्यांच्याकडे येत असे. त्याच्यापुढें त्यांनीं ही मागणी ठेवली. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्याच एका अनुदानांतून या कामासाठीं रक्कम काढण्यांत आली, ती होती पांचशें डॉलर. दाता एकच, पण न्यूयॉर्कच्या केंद्राच्या वांट्याला याच्या साडेतीनशेंपट रक्कम आली होती.

एवढ्याशा पैशांत भिंतीएवढें यंत्र उभें राहणें शक्यच नव्हतें. बुक्लानें ट्रान्झिस्टरांवर चालणारे लहान लहान स्वतंत्र नग तयार केले. त्यांतील एका नगावर खुंट्यांची रांग असे. प्रत्येक खुंटी एक दाब ठरवून ठेवी, आणि तो नग ते दाब क्रमानें एकामागून एक सोडी. यालाच सीक्वेन्सर म्हणतात. फीत कापून जी सुरांची मालिका जुळवावी लागे, ती आतां खुंट्या लावून मिळूं लागली. पियानोसारख्या पट्ट्यांची त्या संगीतकारांना गरज नव्हती; म्हणून बुक्लानें त्या केल्याच नाहींत, आणि त्यांच्या जागीं बोटाच्या स्पर्शानें चालणारे पत्रे बसविले. १९६७ सालीं सबॉटनिक यांची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही रचना नन्सच कंपनीच्या ध्वनिमुद्रिकेवर निघाली, ती याच वाद्यावर घडविलेली होती.

या हकीकतींत पहिल्या खरेदीचा पहिला नियम सांपडतो. सेंडर व सबॉटनिक यांनीं ‘चांगलें वाद्य द्या’ अशी मोघम मागणी केली नाहीं. आपलें कोणतें काम अडतें, हें त्यांना नेमकें ठाऊक होतें. म्हणूनच पांचशें डॉलरांत काय करावयाचें आणि काय सोडावयाचें, हा निर्णय घेतां आला.

पूर्वेकडे याच सुमारास दुसरी एक जोडी जमली. न्यूयॉर्क राज्यांतील ट्रुमन्सबर्ग या गांवीं रॉबर्ट मोग थेरेमिन या विजेच्या वाद्याचे जोडसंच विकण्याचा लहानसा धंदा करीत. १९६३ च्या अखेरीस संगीतशिक्षकांच्या एका परिषदेंत हर्बर्ट डॉइच या संगीतकाराशीं त्यांची गांठ पडली, आणि १९६४ च्या उन्हाळ्यांत दोघांनीं मिळून पहिले नग उभे केले. त्या वर्षीं ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या ध्वनि-अभियंत्यांच्या अधिवेशनांत मोग यांनीं ते मांडले. त्यांचें पहिलें गिऱ्हाईक कोणी वादक नव्हे, तर ॲल्विन निकोलाय हे नृत्यदिग्दर्शक होते. नृत्याला लागणारे नाद त्यांना स्वतःच घडवावयाचे होते.

मोग यांच्या वाद्याला जगभर नांव मिळालें तें १९६८ सालीं, वेंडी कार्लोस यांच्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेमुळें. बाखच्या रचनांत एकाच वेळीं अनेक सुरावटी चालतात. मोगच्या संचांतून मात्र एका वेळीं एकच सुरावट निघे. कार्लोस यांनीं त्यासाठीं चार संच घेतले नाहींत. एक सुरावट वाजवून मुद्रित करावयाची, तिच्या सोबतीला दुसरी, मग तिसरी, अशा रीतीनें त्यांनीं थरावर थर चढविले. एकच नग वेळ देऊन चारदां वापरला, कीं तो चार नगांचें काम करतो. ज्याच्याजवळ पैसा कमी आणि सवड अधिक आहे, त्यानें ही युक्ति विसरतां कामा नये.

या यशानंतर वाद्याची चाल बदलली. ध्वनिमुद्रणगृहांत व रंगमंचावर मोगचे कपाटाएवढे संच दिसूं लागले, त्यांच्या किमती हजारो डॉलरांच्या घरांत गेल्या, आणि जें थोड्या पैशांत जमावें म्हणून जन्मलें, तें पुन्हां मोठ्या संस्थांच्या व नामवंतांच्या हातीं गेलें. यानें काय नुकसान होतें, याचें उदाहरण भारतांतच आहे.

गीता साराभाई १९४६ सालीं न्यूयॉर्कला गेल्या असतां जॉन केज या संगीतकाराशीं त्यांचा परिचय झाला. त्यांनीं केज यांना भारतीय संगीताचे पाठ दिले, आणि त्यांच्याकडून पाश्चात्य संगीताचे घेतले. पुढें १९६१ सालीं अहमदाबादेंत राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. साराभाई कुटुंबाचा तिच्याशीं निकटचा संबंध होता. केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनीं १९६९ सालीं तेथें मोगचा संच बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनीं त्यावर रचना केल्या. हें काम थोडींच वर्षें चाललें. मग संच मुका झाला, आणि फिती संस्थेच्या संग्रहांत पडून राहिल्या. अनेक दशकांनीं पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानें त्या शोधून काढल्या, आणि १९६९ ते १९७२ या काळांतील ते नाद २०२३ सालीं ध्वनिमुद्रिकेच्या रूपानें लोकांपुढें आले.

त्या मंडळींची प्रतिभा तोकडी नव्हती. फिती ऐकल्यावर तें ध्यानांत येतें. परंतु जें वाद्य घरांत शिरूं शकत नाहीं, त्याचें आयुष्य संस्थेच्या उत्साहावर टांगलेलें असतें. पेटी गल्लोगल्लीं पोंचली, भजनी मंडळांत बसली, म्हणून ती टिकली. स्वस्त वाद्याचा प्रश्न केवळ खरेदीदाराच्या खिशाचा नसतो. त्या वाद्यावरची विद्या पुढच्या पिढीच्या हातीं पडावयाची कीं नाहीं, हेंहि त्यावर ठरतें.

सुदैवानें याच काळांत कांहीं माणसें उलट दिशेनें चालत होतीं. १९६९ सालीं लंडनमध्यें पीटर झिनोव्हिएफ, डेव्हिड कॉकरेल व ट्रिस्ट्रम कॅरी यांच्या ई. एम. एस. कंपनीनें ‘व्ही. सी. एस. थ्री’ हें लहानसें वाद्य ३३० पौंडांस विकावयास काढलें. त्यांत तीन ऑसिलेटर व एक फिल्टर होता, आणि तारांच्या गुंत्याऐवजीं लहानशा खिळ्यांचा पट होता. आडव्या-उभ्या रांगांच्या छेदावर खिळा खोंचला कीं जोडणी झाली. अमेरिकेंत ओक्लाहोमा येथील पैया कंपनी १९७० च्या दशकांत सुटे भाग टपालानें धाडी, आणि गिऱ्हाईक ते घरीं जोडून घेई. कॅलिफोर्नियांतील कलासंस्थेंत शिकविणारे सर्ज चेरेपनिन यांनीं तर १९७३ च्या सुमारास वेगळाच मार्ग काढला. विद्यार्थ्यांनीं व मित्रांनीं वर्गणी काढावी, एकत्र बसून स्वतःच सोल्डरिंग करावें, आणि आपापला संच घेऊन जावें.

सर्ज यांची कल्पकता आणखी एका गोष्टींत दिसते. एका नगानें एकच काम करावें, हा दंडक त्यांनीं मोडला. त्यांच्या संचांतील एक मॉड्यूल केवळ चढता व उतरता दाब निर्माण करतें. तो एकदांच चढला-उतरला तर सुराचा आरंभ व शेवट घडवितो. पुनःपुन्हां सावकाश झाला तर आंदोलन देतो. फार वेगानें झाला तर तोच कानाला सूर म्हणून ऐकूं येतो. एका नगाच्या किमतींत तीन नग! ज्याच्या पेटींत जागा थोडी आहे, त्याला असे बहुगुणी नग फार उपयोगी पडतात.

१९८३ सालीं यामाहा कंपनीचें ‘डी. एक्स. सेव्हन’ हें वाद्य निघालें. त्यांतील तयार नाद एका कळीसरशीं मिळत. मग तारा जोडीत बसण्याचा खटाटोप कोण करणार? मॉड्युलर वाद्य मागें पडलें. तें पुन्हां वर आलें तें जर्मनींतील डीटर डोप्फर यांच्यामुळें. १९९५-९६ च्या सुमारास त्यांनीं ‘ए-१००’ हा संच काढला, आणि त्याचीं मापें उघडपणें सर्वांपुढें ठेवलीं. नगाची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटींत. वीज अधिक बारा व उणे बारा व्होल्ट. हीं मापें इतरांनीं उचललीं, आणि यूरोरॅक या नांवानें तीं रूढ झालीं. त्यामुळें एकाचा ऑसिलेटर आणि दुसऱ्याचा फिल्टर एकाच पेटींत सुखानें नांदूं लागला. पण सोयीबरोबर मोहहि आला. रोज नवा नग बाजारांत दिसूं लागला, आणि पेटींतील प्रत्येक रिकामी जागा मालकाला टोचूं लागली.

अशा बाजारांत पहिला संच मांडणाऱ्यानें इतिहासाच्या क्रमानेंच चालावें. प्रथम आपलें कोणतें काम अडतें, तें एका वाक्यांत लिहून काढावें: गाण्यामागें स्थिर षड्ज हवा, कीं तालाचे आघात, कीं दुसऱ्या वाद्याच्या नादावर संस्कार. हें ठरल्यावर एक पैहि खर्च न करतां संगणकावर संच मांडून पाहतां येतो. २०१७ सालीं निघालेली ‘व्ही. सी. व्ही. रॅक’ ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तींत तारा जोडण्याची सगळी विद्या शिकतां येते. महिनाभर तेथें ज्या नगाची आठवणहि झाली नाहीं, तो यादींतून खुशाल काढून टाकावा.

पुढची पायरी पेटी व वीजपुरवठा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण या वाद्याला शब्दशः लागू पडते. कारण येथें अंथरूण मिलिमीटरांत मोजतां येतें. ८४ मापांची पेटी सुमारें ४२७ मिलिमीटर रुंद असते. ऑसिलेटर १० मापांचा, आणि फिल्टर, एन्व्हलप, अँप्लिफायर व आंदोलनाचा सावकाश ऑसिलेटर हे प्रत्येकीं ८ मापांचे धरले, तर बेरीज ४२ होते. म्हणजे एका सुराचा संपूर्ण संसार अर्ध्या पेटींत मावला. उरलेल्या जागेंत सुरांचा क्रम देणारा सीक्वेन्सर अथवा संगणकाच्या व पट्ट्यांच्या सूचना घेणारा नग, दाब कमी-अधिक करणारे व मिसळणारे साधे नग, आणि आवाज बाहेर नेणारा नग बसतो. हे साधे नग दिसावयाला भपकेदार नसतात, म्हणून नवशिका ते टाळतो, आणि मग दोन महागडे नग एकमेकांशीं जुळत नाहींत म्हणून हळहळतो. दुसरा अँप्लिफायर ही सुद्धां चैन नव्हे. एक नादासाठीं लागतो, आणि एक आंदोलन हळूहळू वाढविण्यासाठीं.

विजेचा हिशेबहि असाच करावा. प्रत्येक नग किती मिलिअँपिअर वीज घेतो, हें त्याच्या माहितींत दिलेलें असतें. अधिक बारा व उणे बारा या दोन्ही बाजूंची बेरीज वेगवेगळी करावी, आणि पुरवठा त्या बेरजेपेक्षां चांगला चतुर्थांशानें तरी जास्त असावा. येथें काटकसर करूं नये. पुरवठा कमी पडला कीं सूर हलतो, आणि दोष भलत्याच नगाला लागतो. नगाला वीज नेणाऱ्या चपट्या तारेची लाल कड उणे बाराच्या बाजूला येते. ती उलटी लावल्यास नग जळूं शकतो, आणि महिन्याची शिल्लक एका क्षणांत जाते. तसेंच, या वाद्यांतील नादाचा दाब दहा व्होल्टांपर्यंत झोके घेतो. तो कमी केल्यावांचून ध्वनिमुद्रणयंत्रास जोडूं नये. परदेशांतून मागविलेल्या नगावर टपाल व जकात चढते, तीहि आरंभींच हिशेबांत धरावी.

ज्याला पेटी, पुरवठा आणि पांच नग यांची जुळवाजुळव झेपत नाहीं, त्याच्यासाठीं मधला मार्ग आहे. मोग कंपनीनें २०१५ सालीं काढलेल्या ‘मदर-३२’ सारखें वाद्य एकहि तार न जोडतां वाजतें, आणि हवें तेव्हां तारांनीं निराळें करतां येतें. पुढें तें तसेंच उचलून यूरोरॅकच्या पेटींत बसवितांहि येतें. पहिला संच म्हणून असें एक वाद्य आणि हातांत चार तारा, एवढेंहि वर्षभर पुरतें. जुने नग विकत घेणें आणि सोल्डरिंगची संवय असल्यास सुटे भाग घरीं जोडणें, हे पैया व सर्ज यांच्या वेळचे मार्ग आजहि बंद झालेले नाहींत.

पेटींत रिकामी जागा उरली तर ती झांकावयाला कोरे पत्रे अगदीं थोडक्या पैशांत मिळतात. ते बसवावे आणि वाजवावयाला लागावें. पुढचा नग कोणता, याचें उत्तर जाहिरातींतून येऊं देऊं नये. जोडतां जोडतां एखादे दिवशीं हात तार घेऊन पुढें होतो, आणि ती खोंचावयाला लागणारें छिद्रच पेटींत सांपडत नाहीं. तें छिद्र ज्या नगावर असतें, तो नग त्या दिवशीं यादींत लिहावा.